बाराखडी सोसायटीचे एकोणीस दिवस

शेतकरी सोसायटीच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात एक नियम होता. "समजलं का?" हा प्रश्न कुणी कुणाला विचारायचा नाही. विचारलाच, तर दंड म्हणून कोपऱ्यातला माठ बाहेरच्या नळावरून भरून आणायचा. नियम सगळ्यांना सारखा होता, आणि सोसायटीच्या अध्यक्षांना तर तो इतक्या वेळा लागू झाला होता की माठ उचलण्याची त्यांची एक खास लकब तयार झाली होती. पण हा नियम पाहुण्यांनाही लागू आहे, हे मोठ्या बँकेतून आलेल्या तपासनीस साहेबांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

"तर असं आहे," साहेब समोरचा तक्ता बोटाने दाखवत म्हणाले. "शंभरपैकी गुण. वसुलीला तीस, हिशोबाला वीस, सभासदसंख्येला दहा आणि वेगाला चाळीस. वेग म्हणजे अर्ज आल्यापासून कर्ज हातात पडेपर्यंतचे दिवस. पन्नासच्या खाली गुण असलेली सोसायटी बंद करून शहरातल्या शाखेला जोडायची. समजलं का?"

अध्यक्षांनी खिडकीबाहेर पाहिलं, पण त्यांच्या मिशा हलायला लागल्या होत्या.

"साहेब," चिटणीसबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तो माठ."

साहेबांना आधी वाटलं आपली चेष्टा चालली आहे. पण भिंतीवर नियमाची पाटी होती आणि त्याखाली अध्यक्षांची सही होती. तेव्हा मोठ्या बँकेचा तो चष्मेवाला, इस्त्रीच्या शर्टाचा, जेमतेम पस्तिशीचा माणूस मुकाट्याने माठ भरून घेऊन आला. येताना अर्धा शर्ट भिजला. त्याने माठ जागेवर ठेवला आणि विचारलं, "हे कशासाठी?"

चिटणीसबाईंनी खुर्ची पुढे केली. हा प्रश्न त्यांना गेली अठ्ठावीस वर्षं कुणी ना कुणी विचारत आलं होतं, आणि उत्तर द्यायचा त्यांना एकदाही कंटाळा आला नव्हता.

त्या नोकरीला लागल्या ते वर्ष. अंगात उत्साह मावत नव्हता. एका शेतकऱ्याला त्यांनी कर्जाचा कागद धाडधाड वाचून दाखवला, शेवटी विचारलं, "समजलं का?" तो म्हणाला, "हो, बाई." अंगठा उठवला आणि गेला. कागदावर तारण म्हणून जमिनीचा जो नंबर बाईंनी लिहिला होता, तो त्याच्या शेताचा नव्हताच, शेजारच्या सख्ख्या भावाच्या शेताचा होता. एका आकड्याची चूक. हप्ता थकला तेव्हा नोटीस भावाच्या दारात गेली, आणि त्या दोघा भावांनी पुढे अकरा वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. बाईंनी चूक कबूल केली, कागद दुरुस्त झाला. भावाभावातलं मात्र दुरुस्त झालं नाही.

"तेव्हा माझ्या ध्यानात आलं," चिटणीसबाई म्हणाल्या, "की 'समजलं का' म्हटल्यावर जगातला प्रत्येक माणूस 'हो' म्हणतो. शाळेतली पोरं म्हणतात, नवरे म्हणतात, आमचे अध्यक्ष तर प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणतात."

"हो," अध्यक्ष म्हणाले.

"बघा. म्हणून इथे विचारायचं नाही. इथे ज्याचा कागद त्यानेच वाचायचा. मोठ्याने. एक वाक्य वाचायचं, मान वर करायची आणि त्याचा अर्थ आपल्या भाषेत सांगायचा. मग पुढचं वाक्य. ज्याला वाचता येत नाही त्याला आम्ही शिकवतो. आतल्या खोलीत फळा आहे. अंगठेबहाद्दर एकही उरला नाही आता आमच्याकडे."

साहेबांनी आतल्या खोलीत डोकावून पाहिलं. बुटके बाक, खडूचे तुकडे, भिंतीवर मोठ्या अक्षरांचे तक्ते. एका तक्त्यावर 'क' कशाचा म्हणून लिहिलं होतं, "क कर्जाचा", आणि खाली कुणीतरी पेन्सिलीने जोडलं होतं, "आणि कटकटीचा".

"म्हणून तुम्हाला एकोणीस दिवस लागतात," साहेब म्हणाले.

"सरासरी एकोणीस."

"खालच्या वस्तीची सोसायटी तीन दिवसांत देते. तीन!" त्यांनी तक्ता पुढे सरकवला. "बाई, तुमची वसुली पूर्ण आहे. हिशोब आरशासारखे आहेत. तिथे मी एक गुण कापलेला नाही. पण वेगाला तुम्हाला शून्य आहे. सभासद थोडे. सभासदसंख्येचे चार धरून बेरीज चौपन्न झाली, पण ऑफिसची जागा भाड्याची म्हणून आठ वजा होऊन शेवटी सेहेचाळीस झाले. गुरुवारी संचालकांची बैठक आहे. मी आज अहवाल पाठवला की झालं."

झालं, म्हणजे काय, हे चिटणीसबाईंना कुणी समजावून सांगायला नको होतं. ऑफिसला कुलूप लागेल. एका खिडकीत आठवड्यातून एकदा कुणी येऊन हप्ते गोळा करेल. कर्जाचा कागद दोन तासांवरच्या शहरात, काचेच्या फटीतून पुढे सरकवला जाईल आणि फटीतूनच आवाज येईल, "इथे, इथे आणि इथे." त्यांचं स्वतःचं काय, दोन वर्षांत निवृत्तीच होती. पण आतल्या खोलीतले ते बाक कुठे जाणार होते?

बाईंनी चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. शिकवणाऱ्या माणसाला ते जमावं लागतं.

"साहेब, अहवाल पाठवायचा तर पाठवा. पण एकोणीस दिवसांत आम्ही काय करतो ते एकदा बघून मग पाठवा. आज आत्यांचा कागद आहे. त्या बाहेर बसल्याच आहेत."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, भिजलेला शर्ट पाहिला, आणि म्हणाले, "एक तास."

टेकडीवरच्या आत्या आत आल्या. त्यांचं शेत टेकडीच्या उतारावर होतं म्हणून त्यांना सगळे तसंच म्हणत. वय साठीच्या पुढे, हात खुरप्यासारखे. शेताचे कागद आजवर त्यांचा धाकटा भाऊ बघत असे. दोन वर्षांपूर्वी तो गेला आणि जमीन आत्यांच्या नावावर झाली. तेव्हापासून त्या आतल्या खोलीत येऊन बसायला लागल्या. पहिल्या महिन्यात त्यांनी चिटणीसबाईंना सांगितलं होतं, "माझं डोकं म्हणजे भरड जमीन आहे, बाई. बी टाका, पण फार आशा धरू नका." आज त्या पहिल्यांदा स्वतःचा कर्जाचा कागद स्वतः वाचणार होत्या. केस नीट विंचरलेले, चष्म्याच्या काचा पुसलेल्या. लग्नाला निघाल्यासारख्या तयार होऊन आल्या होत्या.

"हे साहेब कोण?"

"मोठ्या बँकेचे आहेत, आत्या. ऐकायला बसलेत."

"परीक्षाच घ्या म्हणावं," आत्या बाकावर बसत म्हणाल्या. "नापास झाले तरी गहू पेरायची काही राहणार नाही मी."

कागद यंदा नवा आला होता. मोठ्या बँकेने सगळ्या एक्केचाळीस सोसायट्यांसाठी एकसारखा छापला होता. पांढराशुभ्र, गुळगुळीत, चौदा कलमांचा. आत्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि सुरुवात केली.

"यापुढे... अर्जदार हा... 'कर्जदार' असा... सं-बो-ध-ला जाईल." त्यांनी मान वर केली. "म्हणजे मला आता कुणी आत्या म्हणायचं नाही. कर्जदार म्हणायचं."

"फक्त कागदावर, आत्या."

"मग चालेल. घरी कुणी म्हटलं तर खपवून घेणार नाही."

अध्यक्ष खो खो हसले. साहेबही हसले, पण एक डोळा घड्याळावर होता. कलमं सरकत होती, एकेका वाक्याला चार-पाच मिनिटं. आत्या अडखळत, थांबत, जोडाक्षर आलं की ओठ मिटून त्याच्याकडे रागाने बघत. 'हप्त्या'पाशी तर त्या इतका वेळ थांबल्या की साहेबांनी न राहवून तो शब्द पुरवला. चिटणीसबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. साहेब गप्प बसले.

असं करत नववं कलम आलं.

"सदर कर्जाची... परत-फेड... कर्जदाराने... पे..." बोट थांबलं. "पे... र..."

"काढणीनंतर," साहेब म्हणाले. या वेळी त्यांना राहवलंच नाही. "काढणीनंतर साठ दिवसांच्या आत. पुढे चला, आत्या."

आत्यांचं बोट हललं नाही. "क नाही हा, साहेब. प आहे. प वर एक मात्रा. पे."

"आत्या, ते काढणीनंतरच आहे. मला अख्खा कागद पाठ आहे."

"तुम्हाला असेल हो पाठ. मला कुठे पाठ आहे? मला वाचावंच लागतं." आत्यांनी चष्मा नाकावर सरकवला आणि एकेका अक्षरावर बोट आपटत वाचलं. "पे. र. णी. नं. त. र. पेरणीनंतर साठ दिवसांच्या आत."

चिटणीसबाई जागेवरून उठल्या. कागद आला त्या दिवशी त्यांनी तो दोनदा वाचला होता. दोनदा! आणि दोन्ही वेळा त्यांच्या डोळ्यांनी तिथे 'काढणीनंतर' असंच वाचलं होतं, कारण अठ्ठावीस वर्षं त्या जागी तोच शब्द असायचा. त्यांनी वाकून पाहिलं. आत्यांच्या बोटाखाली, काळ्या शाईत, स्वच्छ अक्षरांत 'पेरणीनंतर' लिहिलेलं होतं.

त्यांना बोलायचं होतं. पण नियम होता. वाक्य वाचून झालं की अर्थ वाचणाऱ्यानेच सांगायचा. त्या ओठ घट्ट मिटून थांबल्या.

आत्यांनी मान वर केली. कपाळावर आठ्या होत्या. "म्हणजे असं, की पेरलं की दोन महिन्यांत पैसे परत द्यायचे. पण साहेब, दोन महिन्यांनी गहू पोटरीत असतो. ओंबीने तोंडसुद्धा बाहेर काढलेलं नसतं. मी काय हिरवा पाला कापून आणू तुमच्या बँकेत? हे कुणी लिहिलंय? त्याने कधी शेत बघितलंय का?"

अध्यक्षांना हसू आलं आणि ते अर्ध्यावरच थांबलं, कारण साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता.

साहेबांनी कागद हातात घेतला. एकदा वाचला. मग आत्यांसारखं बोट ठेवून वाचला. मग खाली बसले.

"हा कागद छापायला जाण्याआधी मीच तपासला होता," ते म्हणाले. "त्याच्यावर माझी सही आहे."

मग त्यांनीच हळूहळू सांगितलं, जणू स्वतःलाच वाचून दाखवत होते. एक्केचाळीस सोसायट्या. चाळिसांनी हे कागद वाटूनही टाकले होते, काहींनी तीन दिवसांत, काहींनी आठवड्यात. हजारो सह्या झाल्या होत्या. कॉम्प्युटर कागदावरची अट बघतो, शेत बघत नाही. पेरणीपासून साठावा दिवस उलटला की एकेक नाव लाल अक्षरांत थकबाकीदार म्हणून वर येणार. व्याजातली सवलत जाणार. पुढच्या वर्षी कर्ज नाही. आणि शेतकरी बांधावर उभा राहून आपल्या हिरव्या पिकाकडे बघत असणार, त्याला कळणारसुद्धा नाही आपलं काय चुकलं.

"एवढ्या माणसांनी सही केली," साहेब म्हणाले, "एकाच्याही लक्षात आलं नाही?"

"त्यांना विचारलं असेल ना, समजलं का म्हणून," अध्यक्ष म्हणाले. म्हणाले आणि जीभ चावून माठाकडे बघायला लागले. पण तो सांगितलेला शब्द होता, विचारलेला नव्हता, म्हणून चिटणीसबाईंनी त्यांना सोडून दिलं.

साहेबांनी बाहेर जाऊन बँकेत फोन लावला. बराच वेळ त्यांचा आवाज कमी आणि समोरच्याचा जास्त येत होता. परत आले तेव्हा म्हणाले, "नवे कागद छापून यायला दोन आठवडे लागतील. तोवर सगळ्यांचं वाटप थांबवलं आहे."

"दोन आठवडे?" आत्या ताडकन उठल्या. "साहेब, जमिनीला वाफसा आलाय. ओल कशी हवी तशी आहे. ना चिखल, ना ढेकूळ. हा वाफसा चार दिवस राहील, फार तर पाच. बियाणं आज आणलं तर परवा पेरीन. दोन आठवड्यांनी काय खडकात पेरू?"

आता मात्र चिटणीसबाई बोलल्या. "हाताने दुरुस्ती करून चालेल, साहेब. तपासनिसाची सही असली की चालते. नियमात आहे."

"चालते," साहेब म्हणाले. त्यांच्या हातात पेन होतं आणि ते कागदापर्यंत पोचत नव्हतं. "पण बाई, हे खोडून मी सही केली, म्हणजे चूक माझी होती असं मीच माझ्या सहीने लिहून दिल्यासारखं होतं. हा कागद फायलीत कायमचा राहणार."

चिटणीसबाई त्यांच्या शेजारच्या बाकावर बसल्या. आपल्या आयुष्यात त्यांनी अशी चेहऱ्यावर उतरलेली लाज कितीतरी वेळा पाहिली होती. पन्नाशीच्या माणसाचा 'ष' उलटा पडला की तो असाच दिसायचा.

"या खोलीत रोज चुका होतात, साहेब," त्या म्हणाल्या. "माझीही झाली, आज, याच शब्दावर. दोनदा वाचून झाली. चूक दुरुस्त करायची इथली रीत सांगते. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची. गिरगटायचं नाही. खालचा शब्द वाचता आला पाहिजे, म्हणजे काय चुकलं होतं ते पुढच्याला कळतं. वर बरोबर शब्द लिहायचा. शेजारी आपलं नाव. झालं. आमच्या फळ्याखाली बसलेला प्रत्येक माणूस हे करतो, आणि करून घरी जाऊन छान जेवतो."

साहेबांनी एक आडवी रेघ मारली. वर लिहिलं 'काढणीनंतर'. शेजारी सही केली, पूर्ण नावाची, आणि तारीख घातली. मग कागद आत्यांकडे दिला.

आत्यांनी तो शब्दही अक्षरं लावून वाचला. "हं. आता काढणीनंतर. म्हणजे गहू घरात आल्यावर दोन महिने. हे मला जमतं." बोट खाली सरकलं. "अजून पाच कलमं आहेत. वाचू ना?"

"वाचा," साहेब म्हणाले, आणि या वेळी त्यांनी घड्याळ काढून खिशात टाकलं.

चौदावं कलम संपलं तेव्हा दुपार टळली होती. आत्यांनी सही केली. सहीतलं एक अक्षर जरा मोठं झालं होतं, ते त्यांनी बाजूला मान करून कौतुकाने पाहिलं. बियाण्याची चिठ्ठी घेऊन त्या पायऱ्या उतरल्या ते सरळ बाजाराच्या रस्त्याला लागल्या.

निघताना साहेबांनी आपला अहवाल उघडला. "बाई, एक सांगतो. दिवसांचा आकडा मला बदलता येणार नाही. एकोणीस तो एकोणीसच राहणार. वेगाचे गुण शून्यच."

"बदलू नकाच," चिटणीसबाई म्हणाल्या. "एकोणीसच लागतात. कमी लिहिलेत तर मलाच खोडावं लागेल."

तक्त्याच्या तळाशी 'शेरा' म्हणून दोन ओळींची जागा होती. साहेबांनी त्या दोन ओळी भरल्या, मग कागद उलटा करून पाठीमागे लिहीत राहिले. काय लिहिलं ते बाईंनी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. खालच्या वस्तीच्या सोसायटीचा चिटणीस बोलत होता. त्याला सगळे झटपटराव म्हणत. तीन दिवसांत कर्ज देण्याचा विक्रम त्याचाच, आणि चिटणीसबाईंच्या सोसायटीला 'बाराखडी सोसायटी' हे नाव ठेवलेलंही त्यानेच. बैठकीत भेटला की म्हणायचा, "काय ताई, यंदा मुळाक्षरं संपली का जोडाक्षरं चालू आहेत?"

आज त्याचा आवाज फार गोड होता. "ताई, वरून हुकूम आलाय. प्रत्येक कागदावर तो शब्द खोडून नवा लिहायचा आणि शेजारी कर्जदाराची सही. मी माणसं बोलावली. त्यांना सांगितलं, इथे सही करा. तर म्हणतात, मागच्या वेळीही तुम्ही असंच म्हणाला होतात. आता एकही माणूस न वाचता सही करायला तयार नाही, आणि वाचायला बसवलं तर निम्म्यांना येत नाही. मी काय करू?"

"घेऊन ये सगळ्यांना इकडे," चिटणीसबाई म्हणाल्या.

"कुणाला, कागदांना?"

"कागदांना आणि माणसांना. ज्याचा कागद त्याच्या हातात देऊन."

गुरुवारी सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून सत्तावीस माणसं आली. आतल्या खोलीत मावली नाहीत म्हणून बाक बाहेर अंगणात आले. चिटणीसबाईंनी आपल्या सभासदांना निरोप धाडले होते. पेरणीची धांदल असूनही ते आले. कुणी शेतातून तसाच, पायाला माती घेऊन आला. प्रत्येक पाहुण्याशेजारी इथला एकेक जण बसला. कागद पाहुण्याच्या हातात, बोट त्याचंच, आणि शेजारचा फक्त अडलं तर सांगणार. तेही मागितलं तरच.

थोड्या वेळात अंगणात अशी कुजबुज सुरू झाली, जशी शाळा भरली की सुरू होते. चिटणीसबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. ज्यांनी त्यांच्याकडे पहिलं अक्षर गिरवलं होतं, ती माणसं आज दुसऱ्याला शिकवत होती, आणि शिकवताना तंतोतंत त्यांच्याच सुरात बोलत होती. एक पैलवानासारखा सभासद शेजारच्या म्हाताऱ्याला सांगत होता, "घाई नाही, बाबा. अक्षर कुठे पळून जात नाही." हे वाक्य त्याने कुठे ऐकलं होतं ते बाईंना चांगलं आठवत होतं. त्यांनी उगाच चष्मा पुसला.

मध्येच कुणीतरी ओरडलं. "अहो, माझं शेत वाढलंय! माझं तीन एकर, इथे पाच लिहिलंय!"

"दे मग दोन मला," शेजारचा म्हणाला.

झटपटराव धावत गेला, कागद बघितला आणि घाम पुसला. आकडा त्याच्याच हातचा होता. "ताई, हेही खोडायचं का?"

"एकच आडवी रेघ," चिटणीसबाई म्हणाल्या. "गिरगटायचं नाही."

टेकडीवरच्या आत्याही आल्या होत्या. त्यांचा गहू आदल्या दिवशी जमिनीत पडला होता. त्यांच्या शेजारी एक तरणीताठी बाई बसली होती. मोत्यासारखं अक्षर, शिकलेली, भराभर वाचणारी. तिने अख्खा कागद मिनिटभरात संपवला आणि म्हणाली, "झालं, आत्या."

"झालं? मग नवव्यात काय आहे?"

"काढणीनंतर साठ दिवस."

"बोट ठेव," आत्या म्हणाल्या. "आता वाच."

तिने बोट ठेवलं, वाचलं, आणि तोंडावर हात ठेवला. आत्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "जास्त शिकलं की असं होतं. घाबरू नको. सवयीने जमेल."

अध्यक्ष सकाळपासून सहा माठ पाणी भरून दमले होते. आज तर त्यांनी कुणाला काही विचारलंही नव्हतं.

जेवायची वेळ टळून गेली होती, तेव्हा आत फोन वाजला. चिटणीसबाईंनी तो उचलला. तपासनीस साहेब होते. बैठक नुकतीच संपली होती. बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

"सोसायटी राहणार," साहेब म्हणाले. "स्वतंत्र. मी शेरा वाचून दाखवला. संचालकांपैकी एकाने विचारलं, एका बाईने वाचलं ते एवढ्या मोठ्या बँकेला कसं वाचता आलं नाही? मी म्हटलं, आम्हाला पाठ होतं म्हणून. वेगाचे चाळीस गुण काढून टाकलेत, बाई. त्या जागी नवा रकाना आलाय. कर्जदाराने स्वतः कागद वाचला की नाही. पुढच्या वर्षापासून सगळ्या एक्केचाळीस सोसायट्यांना. आणि तुमचे ते तक्ते आम्हाला हवेत. छापायला." मग म्हणाले, "छापायच्या आधी आत्यांकडून तपासून घेऊ."

"बरं," चिटणीसबाई म्हणाल्या, आणि पुन्हा म्हणाल्या, "बरं." फोन तसाच हातात धरून, वायर ताणता येईल तेवढी ताणून त्या दारात आल्या.

"अहो, ऐका! ऐका सगळे!"

कुणी मान वर केली नाही. पन्नासेक डोकी कागदांवर वाकलेली होती. पन्नासेक बोटं ओळीवरून पुढे सरकत होती. पहिल्याच बाकावरचा एक पाहुणा एका जोडाक्षरापाशी अडला होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि ओठ हलत होते. आत्या आता त्याच्या शेजारी येऊन बसल्या होत्या. त्यांनी मागे वळून न बघताच हात वर केला.

"चिटणीसबाई, जरा थांबा. यांची ओळ पुरी होऊ द्या."

चिटणीसबाई दारातच थांबल्या आणि त्याची ओळ पुरी व्हायची वाट पाहू लागल्या.